गाडी सुरू होते, तीन-चार सेकंद चालते आणि बंद पडते. टाकीतला पेट्रोल पंप बदलू का?

पाय_प्लास्टरात
शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. पाय मोडून सात आठवडे घरात पडून होतो. परवा प्लास्टर निघालं आणि काल हौसेने गाडी काढायला खाली गेलो. बॅटरी उतरलेली होतीच. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप घेतला, पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. मी 'शाब्बास' म्हणेपर्यंत बंद! पुन्हा सेल्फ, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं वीसेक वेळा झालं. शेवटी वॉचमनने "साहेब, राहू द्या आता" म्हटलं.

२०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४,००० किमी. आजवर कधी रस्त्यात दगा दिलेला नाही. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले येऊन बघून गेले, दोन मिनिटांत "पंप गेला" म्हणाले. अख्खी असेंब्ली बदलायचे साडेआठ हजार. त्यांच्यावर अविश्वास नाही, पण बॉनेटही न उघडता निदान झालं म्हणून जरा पोटात गोळा आला. पंप बदलू का?

चहा_कटिंग
शनिवार, ९:५२

बॅटरी. जंपवर सुरू होते म्हणजे बॅटरीत दम नाही. नवीन टाका, विषय संपला.

दहाबाराचा_पाना
शनिवार, १०:१५

विषय संपला नाही. बॅटरी मेलेली असेल तर सेल्फ फिरत नाही. एकदा इंजिन लागलं की अल्टरनेटर करंट देतो, आणि जंपची केबल लावलेली असताना तर प्रश्नच नाही. तीन सेकंदांत बंद पडायचं कारण दुसरीकडे आहे.

पंपाच्या पैशाचं नंतर बघू. आधी गाडी बंद *कशी* पडते ते सांगा. एवढं करा:

१. किल्ली 'ऑन' करून थांबा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झ्झ्झ' असा आवाज येतो का?
२. मीटरमध्ये किल्लीच्या चित्राचा दिवा असतो. तो विझतो, पेटून राहतो की लुकलुकतो?
३. इंजिन लागताच हलकी रेस धरून ठेवा. तरी बंद पडते का?
४. किल्ली सोडताक्षणी पडते, की सोडल्यानंतर दोन-तीन सेकंद चालून पडते?
५. पडताना फटकन स्विच बंद केल्यासारखी पडते, की मलूल होत, धापा टाकत?

कोथिंबीर_फुकट
शनिवार, १०:३१

माझ्याकडे हुबेहूब हेच झालं होतं! दोन सेकंद चालून बंद. तो किल्लीचा दिवा लुकलुकत होता. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक इवलीशी चिप असते, ती ओळखली नाही की इमोबिलायझर पेट्रोल तोडतो. गाडीला वाटतं चोर आला. आणि झालं होतं काय, तर आमच्या ह्यांनी दोन्ही किल्ल्या एकाच रिंगमध्ये अडकवल्या होत्या. सुटी केल्यावर सुरू. दुसरी किल्ली लावून बघाच.

जुना_जाणता
शनिवार, ११:०५

पान्याचा चौथा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. जुन्या पॉइंटच्या इग्निशनमध्ये बऱ्याच गाड्यांना कॉइलच्या वाटेवर एक बॅलास्ट रेझिस्टन्स असे. सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून थेट कॉइलला जाई, किल्ली सोडली की रेझिस्टन्समधून. तो रेझिस्टन्स जळला की गंमत सुरू: सेल्फवर इंजिन फुरफुरतं, किल्ली सोडली की ठप्प. मी यासाठी कार्ब्युरेटर दोनदा उघडला होता. दोनदा! तिसऱ्या वेळी एका वायरमनने पाच मिनिटांत दाखवलं, आणि वर चहाही माझ्याकडूनच प्यायला.

आजच्या गाड्यांत रेझिस्टन्स नाही, पण इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले तर तोच खेळ होतो. 'स्टार्ट'वर करंट मिळतो, 'ऑन'वर तुटतो.

पाय_प्लास्टरात
शनिवार, दुपारी १:२०

लंगडत खाली जाऊन आलो. उत्तरं अशी:

१. आवाज येतो, दोन सेकंद. पण पूर्वीपेक्षा जरा रडका वाटला. (की माझा भास?)
२. किल्लीचा दिवा पेटतो आणि विझतो. दुसऱ्या किल्लीनेही तेच.
३. रेस धरली तर *आणखी लवकर* बंद पडते.
४. किल्ली सोडल्यावर तीन-चार सेकंद नीट चालते.
५. मलूल होऊन. शेवटी दोन आचके देते.

दहाबाराचा_पाना
शनिवार, १:४५

छान, बरंच कमी झालं.

दिवा विझतो, म्हणजे इमोबिलायझर बहुतेक संशयातून सुटला. किल्ली सोडल्यावरही चालते, म्हणजे इग्निशन स्विचही नाही. मुख्य गोष्ट तिसरी. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, कचऱ्याने भरली असती किंवा आयडलचा व्हॉल्व्ह अडकला असता, तर गाडी रेस दिल्यावर तगली असती, कारण तिथे स्लो रनिंगला हवा कमी पडते आणि पेडल दाबून आपणच ती देतो. तुमची रेस दिल्यावर लवकर मरते. म्हणजे हवा मिळतेय, खुराक संपतोय. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) गेला की इंजिन बहुतेक वेळा फटकन बंद होतं, आचके देत नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलंय का तेवढं बघून घ्या, सात आठवडे त्यांनाही मोकळे मिळालेत.

आता एक सोपा प्रयोग. किल्ली ऑन, दोन सेकंद थांबा, ऑफ. असं चार-पाच वेळा करा आणि मग सेल्फ मारा. नेहमीपेक्षा जास्त चालली का ते घड्याळात बघा.

पाय_प्लास्टरात
शनिवार, २:३०

उंदीर नाही. फिल्टरच्या डब्यात सुकी पानं आणि एक मेलेलं झुरळ.

किल्लीचा प्रयोग केला. एरवी ३-४ सेकंद, पाच वेळा ऑन-ऑफ केल्यावर ७ सेकंद! तीनदा करून बघितलं. तीनदाही सहा-सातच्या घरात.

दहाबाराचा_पाना
शनिवार, २:४१

मग खात्री वाढली. किल्ली ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंप दोन सेकंद चालवतो आणि इंजेक्टरच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) दाब भरून ठेवतो. अशा गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो. तुमचं इंजिन त्या साठवलेल्या दाबावर लागतं, तो संपला की मागून पुरवठा नाही. वारंवार ऑन-ऑफ केल्याने साठा थोडा वाढला.

पण यावरून 'पंप गेला' असं म्हणता येत नाही. पंपाला करंट न मिळणं आणि करंट मिळूनही पेट्रोल न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

ऊसवाला_पाटील
शनिवार, ३:१०

पानेसाहेब, मधी बोलतो. सात आठवडं गाडी उभी, बाहेर पावसाळा, टाकीत इथेनॉलचं पेट्रोल. पाणी धरलं असणार हो! इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतंय. थोडं पाणी ते पोटात ठेवतंय, पर हद्द झाली की पाणी आन् इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपास्नं फुटत्यात आन् तळाला बसत्यात. पंप कुठं असतोय? तळाला. मग काय पिणार तो?

बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले की मी सांगितलं ते खरं.

चहा_कटिंग
शनिवार, ३:१८

म्हणजे पाटील, तुमच्या उसानेच गाडी बंद पाडली तर!

ऊसवाला_पाटील
शनिवार, ३:२५

उसाला नावं ठिवायची न्हाईत. इथेनॉल मक्याचं आन् तांदळाचं बी असतंय.

ग्रीसचे_हात
शनिवार, ४:०२

पाटलांचा तर्क शास्त्राला धरून आहे, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इथेनॉल जितकं जास्त, तितकं पाणी विरघळवून ठेवायची ताकदही जास्त. झाकण घट्ट असलेल्या टाकीत सात आठवड्यांच्या बाष्पाने थर फुटणं अवघड. टाकीत थेट पाणी शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. माझा संशय इथेनॉलच्या दुसऱ्या गुणावर: ते चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींना चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं आणि तो सगळा जाऊन पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत बसतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूपासून सुरू झालं. धागाकर्त्यांची गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची.

ज्यांना पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल किती ते बघायचंय त्यांच्यासाठी: मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, त्यात १० मिली पाणी, झाकून हलवा आणि थांबा. खालचा थर साधारण ३० मिली झाला तर इथेनॉल २० च्या आसपास. स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका, आणि घेतलंत तर माझं नाव सांगू नका.

मिशिगनकर
शनिवार, संध्याकाळी ७:३०

अवांतर होईल, पण राहवत नाही. टाकीला हवा आत घेण्याची वाट असते, ती तुंबली की पेट्रोल कमी होईल तसं टाकीत निर्वात तयार होतं. २०११ मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण काय, तर पिवळ्या रंगाचा एक कोळी नेमका त्या नळीत जाळं विणून बसायचा. आपल्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते, तेव्हा उभ्या गाडीच्या नळ्या बघायला हरकत नाही. पेट्रोलचं झाकण उघडं ठेवून सुरू करून पाहिली का?

दहाबाराचा_पाना
शनिवार, ७:५०

कोळ्याची गोष्ट झकास. पण निर्वात व्हायला गाडी बरीच चालावी लागते, तीन सेकंदांत टाकीतलं कितीसं पेट्रोल संपणार? तरी झाकण उघडून बघायला पैसे पडत नाहीत.

पाय_प्लास्टरात
शनिवार, रात्री ८:४०

झाकण उघडून पाहिलं. 'फुस्स' नाही, फरकही नाही. पेट्रोल बाटलीत काढायचं कसं? तोंडाने नळी ओढणार नाही, बायकोने बजावलंय. आणि टाकीत पेट्रोल फारसं नाहीच, काटा रिझर्व्हला आहे. सीएनजी असल्यामुळे मी कधी जास्त भरत नाही.

दहाबाराचा_पाना
शनिवार, ८:४३

थांबा. सीएनजी?

चहा_कटिंग
शनिवार, ८:४४

🍿

पाय_प्लास्टरात
शनिवार, ८:५१

हो, २०१६ मध्ये बाहेरून किट बसवलंय, सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर). पण गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर जाते. इथे तिथवर पोहोचतच नाही, म्हणून गॅसचा संबंध नसेल असं वाटलं. सांगायला हवं होतं का?

जुना_जाणता
शनिवार, ९:०२

डॉक्टरकडे जाऊन 'पोट दुखतंय' सांगायचं आणि लग्नाची पंगत झोडून आलोय ते गाळायचं, त्यातला प्रकार.

दहाबाराचा_पाना
शनिवार, ९:२०

अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं. पण वाईट नाही, उलट तुमच्याकडे फुकटची तपासणी आहे. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सिक्वेन्शियल किटमध्ये अडीअडचणीला थेट गॅसवर सुरू करायची सोय असते. बहुतेकांत गॅसचं बटण दाबून धरून किल्ली ऑन करायची. तुमच्या किटची नेमकी रीत पुस्तिकेत बघा. तशी सुरू होऊन चालली, तर स्पार्क, क्रँक सेन्सर, कॉम्प्रेशन, इमोबिलायझर, हवेची वाट हे सगळं एका फटक्यात निर्दोष. दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर.

दुसरं. रिझर्व्हवर गाडी ठेवायची सवय हीच रोगाची मुळी असू शकते. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. काही गाड्यांत गॅसवर चालतानाही तो फिरतच असतो. तळाशी वाटीभर पेट्रोल असेल तर तो तापतो, आणि तळाचा सगळा गाळ जाळीतून ओढतो.

पाय_प्लास्टरात
रविवार, सकाळी ८:१०

सुरू झाली!!! गॅसवर. बटण दाबून किल्ली ऑन केली, तीन बीप, सेल्फ. थंड इंजिनमुळे आधी थोडी कुरकुरली, मग घड्याळासारखी चालली. दहा मिनिटं चालू ठेवली. पेट्रोलचं बटण दाबलं की चार सेकंदांत आचके देऊन बंद.

मग असंच वापरू का?

कोथिंबीर_फुकट
रविवार, ८:२२

नको हो. सीएनजीच्या रांगेत गॅस संपला तर पंपापर्यंत ढकलणार कोण? तुमचा पाय बघा आधी.

दहाबाराचा_पाना
रविवार, ८:३५

रोज नको. त्या सोयीचं नावच 'इमर्जन्सी' आहे. थंडीत रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम व्हायच्या आत गॅसवर ओढणं त्याच्या पडद्यांना बरं नाही.

आता शेवटची तपासणी, मगच पैसे. ही तुम्ही करू नका, गॅरेजवाल्यांना सांगा. मागची सीट उचलली की गोल झाकण, त्याखाली पंपाचा कनेक्टर. कनेक्टर *लावलेलाच* ठेवून पंपाच्या दोन वायरींवर मागून टेस्ट लॅम्प जोडायचा. पेट्रोलचं झाकण बंद, दारं उघडी, आसपास बिडी-सिगारेट नाही. गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि बघायचं: बल्ब आधी विझतो की इंजिन आधी पडतं?

बल्ब आधी विझला तर करंट तुटतोय, म्हणजे रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग, नाहीतर सीएनजीवाल्यांनी पंपाच्या वायरीत घातलेला जोड. बल्ब लख्ख असताना इंजिन पडलं तर पंप, जाळी किंवा फिल्टर. मंद पेटला तर अर्थिंग नाहीतर वायरीतला जोड खराब.

ग्रीसचे_हात
रविवार, ९:००

+१. आणि पंप बाहेर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा. लाइनमधला दाबही आधी सोडायचा. टाकी रिकामी म्हणून कोणी निर्धास्त राहू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ जास्त असते.

रात्रपाळी
रविवार, ९:१४

एवढी यातायात कशाला? दीड हजाराचा ब्लूटूथवाला ओबीडी, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा, कोड येईल, मोकळे व्हा.

दहाबाराचा_पाना
रविवार, ९:३०

लावा की. क्रँक सेन्सरसाठी उत्तम: सेल्फ फिरत असताना आरपीएम शून्य दाखवला तर सेन्सर मेला. पण मिश्रण पातळ झाल्याचा पी ०१७१ कोड यायला गाडी काही काळ चालावी लागते. चार सेकंदांत ईसीयूला कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. आणि पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सर अशा साध्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत नसतोच. कोड न येणं म्हणजे दोष नसणं नव्हे.

पाय_प्लास्टरात
सोमवार, संध्याकाळी ६:४५

निकाल घेऊन आलोय.

गॅरेजवाल्या काकांना टेस्ट लॅम्पचं सांगितलं. आधी त्यांनी माझ्याकडे 'इंटरनेटवरून शिकून आलेला दिसतोय' अशा नजरेने पाहिलं, जे खरंच होतं. मग लावला. बल्ब लख्ख, इंजिन ठप्प. "म्हणजे पंपच ना?" काका म्हणाले. मी म्हटलं, आधी काढून तर बघू.

पंप बाहेर आला आणि खालची जाळी बघून काका स्वतःच हसायला लागले. मूळची पांढरी असावी. आमची काळी, आणि तिच्यावर डिंकासारखा चिकट लेप. बोटाने दाबली तर कडक. काकांनी जाळी काढून पंप नुसता बादलीतल्या पेट्रोलमध्ये बुडवून चालवला, तर भरभरून धार!

नवीन जाळी ३६० रुपये, मजुरी ७००. टाकीत तीन लिटर निघालं, ते फेकून टाकी पुसून घेतली. पाटील, काचेच्या बाटलीत तासभर ठेवून बघितलं: थर एकच, रंग कोऱ्या चहाचा, वास वॉर्निशचा. पाणी नव्हतं. उसाची सुटका.

दहा लिटर नवीन पेट्रोल टाकलं, पहिल्याच सेल्फला लागली. सिंहगड रोडवर एक चक्कर मारून आलो. क्लचवर पाय दुखला, पण तो माझा दोष.

ऊसवाला_पाटील
सोमवार, ७:०५

सुटका न्हाई, निर्दोष मुक्तता म्हणा.

ग्रीसचे_हात
सोमवार, ७:२०

तरी गाळ सुटला तो इथेनॉलमुळेच, असं माझं मत अजून आहे. पण सात वर्षं रिझर्व्हवर ठेवलेल्या टाकीत साधं पेट्रोल असतं तरी हेच झालं असतं, हेही कबूल.

दहाबाराचा_पाना
सोमवार, ७:४०

पंप वाचला हे उत्तम, पण तो बराच काळ उपाशी फिरलाय. आवाज रडका वाटला म्हणालात ना, तो भास नव्हता. यापुढे निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर पेट्रोलवरच चालवा, म्हणजे इंजेक्टरही मोकळे राहतील. सगळा गाळ एका पुसण्यात निघत नाही. दोन-तीन हजार किलोमीटरने जाळी पुन्हा बघून घ्या. आणि फिल्टर बाहेर वेगळा असेल तर तो आजच बदला, मागून आलेला कचरा त्यातही बसला असेल.

पाय_प्लास्टरात
सोमवार, ८:१५

फिल्टर पंपाच्या असेंब्लीतच आहे, काकांनी उलटा फुंकून घेतला. पाव टाकीचं घरात जाहीर केलं. "मग सीएनजी बसवला कशाला?" असा प्रश्न आलाय. उत्तर शोधतोय.

अर्धी_टाकी
मंगळवार, सकाळी ७:५५

वाचून धीर आला. माझी डिझेल आहे. फिल्टर बदलल्यापासून सुरू होऊन दहा सेकंदांत बंद पडते. माझीही जाळीच का?

दहाबाराचा_पाना
मंगळवार, ८:०३

एअर धरलीय, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकलीय. फिल्टरवर हाताने दाबायचा पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल येऊ द्या. तरी नाही झाली तर नवीन धागा काढा. आणि सगळं पहिल्याच ओळीत सांगा, सीएनजीसकट.